रीडमीवर हिरवा बॅज लावण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाच दिसेल. तुमची ओपन सोर्स लायब्ररी (इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येणारा खुला कोड) छोट्या दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटसाठी वापरली जाते. ती तीन बाहेरच्या सेवांवर उभी आहे: पेमेंट गेटवे, ओटीपीचे एसएमएस पाठवणारी सेवा आणि नकाशे. यातलं काहीही अडलं की लोक तुमच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवलेल्या जागी, इश्यू (तक्रारीची नोंद) टाकतात. परवा एका संध्याकाळी अकरा इश्यू आले आणि अकराही ठिकाणी दोष तुमच्या कोडचा नव्हता. म्हणून रीडमीच्या, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या पानाच्या, माथ्यावरच तिन्ही सेवा आत्ता चालू आहेत की बंद हे दाखवायचं आहे. त्यासाठी कोणता बॅज (स्थिती सांगणारं छोटं रंगीत चित्र) घ्यावा आणि तो किती ताजा राहील, असं तुम्ही विचारलंय.

बॅज लावता येतो, कसा ते खाली सांगतोच. पण बरीच वर्षं मी दुसऱ्यांच्या एपीआयवर (एका प्रोग्रॅमने दुसऱ्या सेवेशी बोलायची सोय) चालणाऱ्या सॉफ्टवेअरची देखभाल करतोय आणि त्याचं डॉक्युमेंटेशनही लिहितोय. माझा अनुभव असा की ज्याचा ओटीपी जात नाही तो माणूस रीडमी वरून वाचायला घेत नाही. तो लॉगमधला एरर उचलतो, सर्च करतो, काही सापडलं नाही की इश्यू टाकतो. त्याच्यासमोर पेशंट उभा असतो आणि डोक्यात दोनच प्रश्न असतात: बिघाड माझ्याकडे आहे की त्यांच्याकडे? आणि त्यांच्याकडे असेल तर मी आत्ता काय करू? 'गेटवे: चालू' असा हिरवा तुकडा यातल्या पहिल्या प्रश्नाला अर्धवट उत्तर देतो, दुसऱ्याला काहीच नाही. त्यामुळे खरा प्रश्न बॅज कोणता हा नसून, त्या माणसाला ही दोन उत्तरं तो जिथे अडकलाय तिथेच कशी मिळतील, हा आहे.

उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे, तेही सांगतो. तुमचे वाचक डेव्हलपर आहेत की थेट दवाखान्यातली माणसं? डॉक्युमेंटेशन फक्त रीडमीत आहे की वेगळी साइट आहे? त्या तीन कंपन्यांची स्टेटस पेजेस (सेवा चालू आहे की नाही ते सांगणारी पानं) आहेत का, आणि ती एकेका घटकाची वेगळी माहिती देतात का? प्रश्नावरून वाटतं की वाचक डेव्हलपर आहेत आणि सध्या सगळं रीडमीतच आहे. तसं गृहीत धरून लिहितो.

रीडमीत जावास्क्रिप्ट चालत नाही, आयफ्रेम चालत नाही. बदलणारी गोष्ट म्हणून तिथे फक्त चित्र टाकता येतं, म्हणून ही बॅजची पद्धत पडली. गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) ते चित्र वाचकाच्या ब्राउझरला थेट तुमच्या सर्व्हरवरून मिळत नाही; मध्ये कॅमो नावाचा गिटहबचा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, असतो. वाचकाचा आयपी चित्रवाल्याला कळू नये म्हणून तो आहे, आणि ते योग्यच आहे. पण तो चित्र कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो. चित्रासोबत 'कॅशे करू नका' असं हेडर पाठवलंत तर तो पुन्हा विचारायला येतो. नाही पाठवलं तर वाचकाला जुनं चित्र दिसत राहतं. शील्ड्स डॉट आयओ ही बॅज बनवून देणारी साइट वापरलीत तर त्यांचा स्वतःचा कॅशेही मध्ये येतो. म्हणजे मूळ सेवा, तिचं स्टेटस पेज, बॅज बनवणारा, कॅमो, वाचकाचा ब्राउझर अशी साखळी होते आणि प्रत्येक कडीत थोडा थोडा शिळेपणा साचतो. बॅजवर 'लाइव्ह' लिहिलं तरी तो काही मिनिटं जुना असणार, हे धरून चाला.

यापेक्षा मोठी अडचण लोकांच्या लक्षात उशिरा येते. रीडमी फक्त गिटहबवर राहत नाही. एनपीएमवर (जावास्क्रिप्टची पॅकेजं मिळण्याच्या जागी) तुमच्या पॅकेजच्या पानावर दिसणारा रीडमी नवी आवृत्ती प्रकाशित केली तरच बदलतो. पायपीआयवर (पायथनच्या तशाच जागी) तर प्रत्येक आवृत्तीबरोबर तिचं वर्णन कायमचं चिकटतं. आज लावलेल्या बॅजचा पत्ता तीन वर्षांनीही जुन्या आवृत्तीच्या पानावर असेल आणि तो तुम्हाला काढता येणार नाही. २०२१ च्या जूनमध्ये ट्रॅव्हिस सीआय या कोड आपोआप तपासणाऱ्या सेवेची डॉट ओआरजी ही जुनी जागा बंद झाली, तेव्हा असंख्य प्रकल्पांच्या रीडमीत त्या पत्त्याचे बॅज निरुपयोगी होऊन पडून राहिले. ते निदान बिल्डचे बॅज होते. सेवेच्या स्थितीचा बॅज खोटं सांगत राहिला तर त्यावर विसंबून कुणीतरी निर्णय घेतो.

हे माझ्याच एका प्रकल्पात घडलं. आम्ही दर दहा मिनिटांनी तपासणी करणारी एक क्रॉन जॉब आमच्याच सर्व्हरवर ठेवली होती; ती हिरवं किंवा लाल चित्र तयार करून ठेवायची. सर्व्हर बदलला तेव्हा चित्रं नव्या सर्व्हरवर आली, क्रॉन जॉब आलीच नाही. शेवटचं चित्र हिरवं होतं, ते तसंच राहिलं. जवळजवळ तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही. मधल्या काळात एसएमएस सेवा एक दिवस खरोखर अडली होती. आमची लायब्ररी वापरणाऱ्या एका मुलीने तो अख्खा दिवस स्वतःचा कोड तपासण्यात घालवला, कारण आमच्या पानावर हिरवं होतं. तिने नंतर अगदी सौम्य शब्दांत लिहिलं, 'दादा, तुमच्यावर विश्वास ठेवला होता.' तेव्हापासून मी एक नियम पाळतो: ज्या खुणेला 'मला माहीत नाही' म्हणता येत नाही, ती खूण डॉक्युमेंटेशनमध्ये लावायची नाही.

बरेच जण हे काम गिटहब ॲक्शन्सच्या (गिटहबवर कामं आपोआप चालवायच्या सोयीच्या) वेळापत्रकावर टाकतात. तिथेही हाच धोका आहे. वेळापत्रकावरची जॉब पाच मिनिटांतून एकापेक्षा जास्त वेळा चालवता येत नाही, गर्दीच्या वेळी, विशेषतः तासाच्या ठोक्याला, ती उशिरा धावते, आणि सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल नसेल तर वेळापत्रक आपोआप बंद केलं जातं. स्थिर झालेल्या लायब्ररीत दोन महिने कमिट (नोंदवलेला बदल) नसणं अगदी साधी गोष्ट आहे. शिवाय दर पाच मिनिटांनी निकाल कमिट करायचा म्हटलं तर दिवसाला २८८ कमिट होतात. इतिहास वाचण्याजोगा राहत नाही. हाच मार्ग घ्यायचा असेल तर 'अपटाइम' (Upptime) नावाच्या प्रकल्पासारखा तयार प्रकल्प वेगळ्या रिपॉझिटरीत चालवा. तो ॲक्शन्सवरच चालतो आणि घटनांची नोंद इश्यूंमध्ये ठेवतो. मुख्य रिपॉझिटरीत मात्र हे आणू नका.

आता कंपन्यांची स्वतःची स्टेटस पेजेस. अनेक कंपन्या अॅटलासियनचं स्टेटसपेज वापरतात, खुद्द गिटहबही. त्यातून जेसनमध्ये (प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या रूपात) सारांश मिळतो. एकूण स्थितीसाठी चार शब्द येतात: 'नन', 'मायनर', 'मेजर', 'क्रिटिकल'. यातल्या 'नन'चा अर्थ 'माहिती नाही' असा नसून 'काही बिघाड नाही' असा आहे. मी दोन वेगवेगळ्या प्रकल्पांत याचा उलटा अर्थ लावलेला पाहिलाय. एकूण स्थितीपेक्षा घटकांची यादी जास्त कामाची. प्रत्येक घटक सुरळीत, मंद, अंशतः बंद, पूर्ण बंद किंवा देखभालीसाठी बंद यापैकी एका अवस्थेत असतो. तुमचा सर्व्हर एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) मुंबई रीजनमध्ये असेल आणि बिघाड नॉर्दर्न व्हर्जिनियात असेल, तर एकूण लाल रंग वाचकाला विनाकारण घाबरवतो. उलट मुंबईपुरताच बिघाड असेल तर एकूण स्थितीत तो कधीकधी 'मायनर' म्हणून येतो, आणि तुमच्या वाचकाचं मात्र सगळं ठप्प असतं.

शिवाय स्टेटस पेजवर मोठ्या बिघाडाची नोंद सहसा माणूस करतो. आधी अलर्ट, मग खात्री, मग शब्द काय वापरायचे यावर चर्चा, आणि मग पानावर पिवळा रंग. त्या वेळात तुमचे अकरा इश्यू येऊन गेलेले असतात. कधी नोंद करणंच अशक्य होतं. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस३ या फाइली साठवण्याच्या सेवेत देखभालीची एक आज्ञा चुकीच्या इनपुटने दिली गेली, ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले आणि नॉर्दर्न व्हर्जिनियातली सेवा काही तास कोलमडली. त्यांचा स्वतःचा हेल्थ डॅशबोर्ड अद्ययावत करणारी यंत्रणा एस३ वरच अवलंबून होती. त्यामुळे सुरुवातीला डॅशबोर्डवर सेवांची स्थिती बदलताच आली नाही. ट्विटरवरून आणि पानावरच्या मजकुरातून सांगावं लागलं. हा त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेला तपशील आहे. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की गिटहब पेजेसवरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये गिटहबचीच स्थिती दाखवून उपयोग नाही. तसंच साइट बिल्ड होताना बाहेरच्या एपीआयला विचारू नका. ती सेवा बंद असताना डॉक्सच प्रकाशित होणार नाहीत.

आता तुमच्या तीन सेवा. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण आपल्याकडे 'गेटवे चालू आहे' या वाक्यातून फार थोडं कळतं.

यूपीआयच्या एका व्यवहारात पेशंटचं ॲप, त्या ॲपची बँक, एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था), पैसे देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक आणि तुमचा गेटवे इतके जण असतात. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडलं, तेव्हा गेटवे स्वतः धडधाकट असूनही पैसे जात नव्हते. रोजच्या वापरात तर एखाद्याच बँकेचं अडतं: त्या बँकेच्या पेशंटचे व्यवहार फसतात, बाकीच्यांचे होतात. यासाठी काही गेटवे पद्धतवार आणि बँकवार माहिती देतात. रेझरपेमध्ये डाउनटाइमसाठी वेगळा एपीआय आहे आणि बिघाड सुरू झाला, मिटला याचे वेबहूकही (आपोआप येणारे निरोप) येतात. ही माहिती रीडमीत दाखवू नका, चेकआउटमध्ये वापरा. अमुक बँकेचं नेटबँकिंग अडलंय हे पेशंटला पैसे भरण्याआधी स्क्रीनवर दिसलं पाहिजे. लायब्ररीत त्यासाठी एक हूक (वापरणाऱ्याला आपला कोड जोडायची जागा) द्या आणि तो कसा जोडायचा ते डॉक्समध्ये लिहा.

पेमेंटबद्दल डॉक्समध्ये ठळक अक्षरांत एक सूचना हवीच. टाइमआउट झाला म्हणजे पैसे गेले नाहीत असं नाही. उत्तर आलं नाही तर आधी व्यवहाराची स्थिती विचारा. पुन्हा पाठवायचंच असेल तर तीच आयडेम्पोटन्सी की (ही आधीचीच विनंती आहे हे ओळखवणारी खूण) वापरून पाठवा. पेंडिंग असेल तर तसं दाखवा आणि वेबहूकची वाट पाहा. सेवा अडलेली असताना घाईने टाकलेला रिट्राय पेशंटचे पैसे दोनदा कापू शकतो. मी हे होताना पाहिलंय. ते पैसे परत मिळेपर्यंतचे दिवस त्या माणसाला फार जड जातात.

ओटीपीचं वेगळंच आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार कंपनी, हेडर (मेसेज पाठवणाऱ्याचं नाव) आणि मेसेजचं टेम्प्लेट (ठरलेला मजकूर) हे सगळं डीएलटी या ऑपरेटरांच्या नोंदणी यंत्रणेवर नोंदवावं लागतं. नोंदलेल्या टेम्प्लेटशी मजकूर जुळला नाही तर ऑपरेटर मेसेज अडवतो. कुणीतरी 'आपला ओटीपी' बदलून 'तुमचा ओटीपी' केलं, इतकंही पुरतं. अशा वेळी एसएमएस कंपनीचा एपीआय यशाचं उत्तर देतो, स्टेटस पेज हिरवं असतं, आणि फोनवर मात्र काही येत नाही. तुमच्या अकरा इश्यूंमधले काही याच जातीचे असतील, अशी मला दाट शंका आहे. यावर कुठलाही बॅज चालत नाही. डिलिव्हरी रिपोर्ट कसा वाचायचा आणि टेम्प्लेट कसं पडताळायचं, एवढं अर्ध्या पानात लिहिलंत तर खूप फरक पडेल.

नकाशांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथे बहुतेक वेळा कीची (सेवा वापरायला मिळालेल्या गुप्त कोडची) मर्यादा, बिलिंग किंवा डोमेनचं बंधन आडवं येतं, आणि ते एररमध्येच लिहिलेलं असतं.

तर मी तुमच्या जागी असतो तर कामाची सुरुवात एररपासून केली असती. लायब्ररी बाहेरून आलेला एरर जसाच्या तसा वर फेकत असेल तर ते बदला. ४०१ आला तर 'तुमची की तपासा'. ४२९ आला तर 'मर्यादा संपली, इतक्या वेळाने प्रयत्न करा'. ५०० च्या घरातला एरर किंवा टाइमआउट आला तर 'एसएमएस सेवेकडून उत्तर आलं नाही, बिघाड बहुधा त्यांच्याकडे आहे', आणि सोबत डॉक्समधल्या त्या सेवेच्या परिच्छेदाचा पत्ता. कोणत्या सेवेला, कोणत्या वेळी, कोणता रिक्वेस्ट आयडी, हेही छापा. त्या कंपनीच्या सपोर्टला पहिल्याच मेलमध्ये तेच लागतं. की आणि फोन नंबर मात्र कधीही छापू नका.

दुसरं काम म्हणजे डॉक्समध्ये 'बाहेरच्या सेवा' हे एक पान. तीन ओळींचं टेबल पुरे: सेवा कोणती, ती बंद पडली तर काय थांबतं, काय चालू राहतं, कोणता एरर दिसतो, तोवर काय करायचं, आणि अधिकृत स्टेटस पेजवर कोणता घटक पाहायचा. ओटीपी जात नसेल तर रिसेप्शनवरून हाताने अपॉइंटमेंट नोंदवता येते का? येत असेल तर तो मार्ग इथे लिहा. ही माहिती सहसा बदलत नाही, म्हणून ती शिळी होत नाही. छापली, पीडीएफ केली, इंटरनेट नसताना उघडली तरी खरीच असते. क्षणाची स्थिती त्या क्षणाच्या पानावर राहू द्या आणि तिथे जायचा रस्ता आपल्या डॉक्समध्ये ठेवा.

तिसरं, इश्यू टेम्प्लेटमध्ये एक प्रश्न वाढवा: एररमध्ये कोणत्या सेवेचं नाव आहे आणि तुम्ही तिचं स्टेटस पेज पाहिलं का? त्याच्या बाजूला तीन लिंक. माझ्या एका प्रकल्पात एवढ्यानेच इश्यू लिहिता लिहिता लोकांना उत्तर सापडू लागलं.

हे सगळं करूनही स्थिती दाखवावीशी वाटली तर वेगळी डॉक्स साइट करा, एमकेडॉक्स किंवा डॉक्युसॉरस यांपैकी साइट बनवणारं कोणतंही साधन चालेल, आणि फक्त त्या 'बाहेरच्या सेवा' पानावर दाखवा. प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमधून थेट त्या कंपनीला विचारू नका: वाचकाचा आयपी तिकडे जातो, काही कंपन्यांचं सीओआरएस (दुसऱ्या साइटच्या पानावरून माहिती मागण्यावरचं बंधन) आडवं येतं, आणि जाहिराती रोखणारी एक्स्टेन्शन्स ती विनंती अडवतात. तुमचं एक छोटं फंक्शन ठेवा, ते मिनिटाला एकदा विचारेल आणि उत्तर साठवेल. दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर पान थांबवायचं नाही, राखाडी रंगात 'स्थिती कळली नाही' लिहायचं. शेवटची तपासणी कधी झाली ते भारतीय वेळेत लिहायचं, आणि ती पंधरा मिनिटांपेक्षा जुनी असेल तर हिरवं आपोआप राखाडी झालं पाहिजे. ही तुलना पान उघडताना ब्राउझरमध्ये करा, सर्व्हरवर नको, म्हणजे सर्व्हर झोपला तरी हिरवं टिकणार नाही. अर्थ फक्त रंगावर सोडू नका, शब्द लिहा. लाल-हिरवा फरक न दिसणारे वाचक असतात आणि स्क्रीन रीडरला रंग कळतच नाही.

आणि इतकं सांगूनही रीडमीत बॅज हवाच असेल, तर त्यावर स्थिती लिहू नका, 'सेवांची स्थिती पाहा' एवढंच लिहा आणि त्या पानाची लिंक द्या. लिंकचा पत्ता तुमच्या स्वतःच्या डोमेनचा ठेवा, म्हणजे जुन्या आवृत्तीतून येणारा वाचकही तुम्ही उद्या ठरवाल तिथे पोहोचेल. ते डोमेन चालू ठेवायची जबाबदारी मात्र घ्यावी लागेल. सोडून दिलेलं डोमेन दुसरं कुणीही विकत घेऊन तिथे हवं ते दाखवू शकतं.

पुढच्या वेळी एका संध्याकाळी अकरा इश्यू आले तर पहिला पिन करा. शीर्षकात सेवेचं नाव आणि सुरू झाल्याची वेळ घाला, बाकीचे दहा त्याच्याकडे वळवून बंद करा, आणि बंद करताना प्रत्येकाला दोन ओळी लिहा: बिघाड तुमच्याकडे नाही, तोवर हे करा. टेबलाची सुरुवात ओटीपीपासून करा. परवाच्या इश्यूंमध्ये लोकांनी एररचा मजकूर चिकटवलेला असेलच. तो तसाच, एकही अक्षर न सुधारता, टेबलात टाका, कारण पुढचा माणूस सर्चमध्ये नेमका तोच मजकूर टाकणार आहे.